भुशाचं पोतं आणि मी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला अजून चार घरं पलीकडे ऐकू जातो का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे रविवारपर्यंत तरी ठीक आहे.

तुझी भाची मुलींच्या पथकात गेली हे तुला माहीतच आहे (गळ्यात रुमाल, खिशात शिट्टी, कमरेला दोर). तिथे चारित्र्य घडतं, नेतृत्व अंगी येतं असं पथकाच्या बाई म्हणाल्या, तेव्हा मीच हौसेनं फॉर्मवर सही केली. रविवारी शाळेच्या मैदानात, सगळ्या पालकांसमोर, या पोरी एका जखमी माणसाला स्ट्रेचरवर बांधून दुसऱ्या मजल्यावरून दोरानं खाली सोडणार. तो सुखरूप उतरला तर तुझी भाची पथकाची नायिका. जखमी माणूस मी आहे.

हसू नकोस. तीस वर्षं शिड्या बनवून विकणारा माणूस दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही, हे जगात तुला एकटीलाच ठाऊक (असं मी समजत होतो). शिडी तपासायची झाली की मी कामगाराला चढवतो आणि स्वतः खाली धरून उभा राहतो. 'मालक असून शिडी धरतात,' म्हणून लोक कौतुक करतात. डोळे मिटून का धरतात, ते कुणी विचारत नाही.

काल कारखान्याच्या माळ्यावरून तालीम झाली. माझ्या जागी भुशाचं पोतं. माझे कान तुला माहीत आहेत. कितवी पायरी करकरली ते मला पाठमोरं उभं राहूनही कळतं. तसा तो दोर मी ऐकला. आधी कुरकुरला, मग गप्प झाला, मग पोतं धाडकन खाली. फुटलं. माझ्या चहात भुसा.

"काही नाही बाबा," लेक वरून म्हणाली, "गाठ चुकली. रविवारपर्यंत बसेल हात."

मी फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन बसलो, तर पलीकडे, खाली उतरलेल्या लेकीला तिची मैत्रीण म्हणत होती, "बाबा कशाला गं? वॉचमनकाका हलके आहेत."

"त्यांना भीतीच वाटत नाही. बाईंनी सांगितलंय ना, घाबरलेल्या माणसाला बोलत बोलत खाली आणायचं. बाबा शिडीला बघूनच घामाघूम होतात."

"त्यांना माहितेय, तुला हे कळलंय ते?"

"छे! सांगू नकोस हं. घाबरतील."

तुझा धाकटा (अजून जमिनीवर असलेला) भाऊ

ता. क. रविवारी सकाळी आठला फोन कर, दाजी सीरियस आहेत म्हणून. मी तडक निघतो.

ता. क. आत्ताच लेक विचारून गेली, लहानपणी आत्यानं तुम्हाला पाण्याच्या टाकीवरून कसं उतरवलं? म्हणजे फितूर कोण ते कळलं. मी सांगितलं, आत्या खाली उभी राहून 'माझ्याकडे बघ' म्हणत होती. तिच्याकडे बघायचं म्हणजे खालीच बघायचं, म्हणून मी आणखी दोन तास वर राहिलो. लेकीनं वहीत लिहून घेतलं: 'बाबांना वर बघायला लावायचं. वर मी असेन.'

ता. क. फोन करू नकोस. दोघंही या. दाजींना पहिल्या रांगेत बसव. मैदानात माझी निम्मी गिऱ्हाइकं असणार. मी किंचाळलो की दाजींनी लगेच खोकावं.