पिंपावरचा रेडिओ

बाबा,

आज पॅकिंगच्या पोरींनी पुन्हा माझी फिरकी घेतली. मी आता बोईसरला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे. हाताखाली सगळ्या पोरीच, आणि खिडकीत एक रेडिओ. जेवणानंतर मुंबईचं स्टेशन खरखरत का होईना, लागतं. आज त्यावर एक इंग्लिश गाणं लागलं. गाणी लावणारा म्हणाला की हे गाणं कुणी कधी मागत नाही, म्हणून मीच लावतोय. एवढं इंग्लिश मला आता समजतं. एक पोरगी बटण फिरवायला उठली, तिला मी म्हटलं, राहू दे. "मॅडम, याच्यात हाय काय? निस्ता धडामधूम!" दुसरी म्हणाली, "मॅडमना इंग्लिश येते, तुला काय कळनार?" आणि सगळ्या खिदळल्या. गाण्यातलं इंग्लिश मला आजही काडीचं कळत नाही. पण गाणारा गप्प होतो आणि मागे ढोल आणि गिटारची ती जाड तार एवढंच बराच वेळ चालू राहतं ना, तसलं ते गाणं होतं. हातात खोकी धरून मी तशीच उभी राहिले. मग नळावर जाऊन तोंड धुवून आले. घरी आल्यावर चूल पेटवायच्या आधी हे लिहायला बसले आहे.

आपण दोघं कामाला होतो ती शेड आता नाही. तिथे कसलीशी मोठी इमारत झाली आहे. पण मला डोळे मिटले की पहिल्यांदा तिचा वास येतो, केमिकलचा आणि ओल्या रंगाचा. कारखान्यांतली रिकामी लोखंडी पिंपं लॉरीने यायची, पोचे पडलेली, गंजलेली. तुम्ही पोचे ठोकून काढायचे, दुसऱ्या दोघांनी पिंपं धुवायची, आणि शेवटी मी पत्र्याचा साचा लावून त्यांच्यावर अक्षरं रंगवायची. दहावीनंतर घरात बसून मासळी सुकवण्यापेक्षा बरं, म्हणून तुम्हीच मला तिथे चिकटवलं होतं. रिकाम्या पिंपावर हातोडा पडला की आवाज दातांत शिरायचा. मी कानात कापसाचे बोळे घालायचे, तर पुरुष हसायचे. तुम्हीही हसायचात. कानात कापूस घालून काम करणं म्हणजे बायकांचं काम, असं तुमचं सगळ्यांचं ठाम मत.

आणि आपला वसईचा फोरमन! देहाने आडवा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. रेडिओ त्याचा, आणि तो ठेवायची जागाही त्यानेच ठरवलेली, एका उपड्या रिकाम्या पिंपावर. तसा ठेवला की आवाज पिंपात शिरून भरदार होऊन बाहेर येतो, हा त्याचा शोध. सकाळभर हिंदी गाणी चालायची, पण जेवणाच्या सुट्टीत इंग्लिश गाण्यांचा कार्यक्रम लागला की त्याच्या अंगात यायचं. त्यातही सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं लागलं तर तो तोंड वाकडं करायचा. "ये तो शादी का बँडवाला भी बजाता है," म्हणायचा. "रेकॉर्ड का पीछे का साइड सुनने का. जो कोई नहीं बजाता वो सुनने का." बाकीचे विड्या ओढायला बाहेर पळायचे. तुम्ही मात्र डबा उचलून त्या पिंपापाशी जाऊन बसायचात, एक हात भाकरीवर आणि दुसरा पिंपाच्या पत्र्यावर. फोरमनला वाटायचं, आपल्याला चेला मिळाला. मलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. ज्या माणसाला सही करताना घाम फुटतो तो इंग्लिश गाण्याला मान डोलवतो, म्हणजे अतीच झालं, असं वाटायचं.

आईचा संताप तर विचारूच नका. तुम्ही गावच्या भजनात टाळ धरायचात, आणि एका चैत्रात अचानक ते सोडलंत. बोलवायला आलेल्यांना सांगितलंत, दमायला होतं. आई भांडी आपटत तुमच्यासमोर उभी राहायची. "मोटे सायेब झालेत! देवाचा भजन सोडला नि गोऱ्यांची गानी आयकतात!" तुम्ही तिच्याकडे बघून नुसते हसायचात. ती आणखी चिडायची. शेजारपाजारचे तुम्हाला गंमतीने सायेब म्हणायला लागले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघूनही तसेच हसायचात.

मग तो लॉरीचा दिवस. दुपारची वेळ आहे, लॉरीच्या फळीवरून पिंपं उतरवतायत, आणि वरच्याचा हात सुटतो. भरीव तळाचं एक जड पिंप फळीवरून गडगडत थेट तुमच्या पाठीकडे येतंय. तुम्ही वाकून पोचा ठोकताय. मी तुमच्यापासून चार पावलांवर, हातात ब्रश. मी ओरडते, "बाबा!" असं ओरडते की पलीकडच्या कारखान्याचा वॉचमन धावत येतो. तुम्ही मान वर करत नाही. मी पुन्हा ओरडते. आणि लांब दारातून फोरमनची हाक येते, "ए, हट!" तेवढ्या हाकेला तुम्ही चटकन बाजूला सरता. पिंप तुमच्या पायाला चाटून भिंतीवर आदळलं. सगळे तुमच्याभोवती जमले, पाय बघायला लागले. मी जागची हलले नाही. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

संध्याकाळी खाडीच्या बांधावरून घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. तुम्हीच बोललात. "तुजा आवाज कवाच गेला. तुज्या आईचा बी गेला. टाल हातात लागतो, पन वाजत नाय. ठेका चुकाया लागला, मंग म्हटलं भजनात कशाला घोल घालू? फोरमनचा येतो. ढोलाचा येतो. समुद्राचा येतो." मी रडत होते. ते तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण दिसलं असणार. मग तुम्ही म्हणालात, "आपली गानी लागली का माज्या वाट्याला निस्ता ठेका येतो, शब्द नाय येत. लोकं शब्दाला हसतात, रडतात, मी बघत बसतो. लई वाईट वाटतं गं. इंग्लिश गान्यात शब्द कोनालाच कळत नाय. तिथं आमी सगले सारके." आणि मला बजावलंत की घरी नाही, शेडमध्ये नाही, कुठेच बोलायचं नाही. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याला पिंपांत कोण उभं करील? ते तुमचं बरोबरच होतं. आपल्या घराची चूल त्या हातोड्यावर पेटत होती.

फोरमनने कधी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने तुमची जागा लॉरीच्या वाटेवरून हलवून आतल्या भिंतीशी केली, आणि रेडिओचं पिंपही ढकलत तिथेच आणलं. मी माझा डबा घेऊन तुमच्या शेजारी बसायला लागले. गाण्यात मध्येच गिटारची ती बारीक तार वर चढायची आणि तुमच्या कपाळाला आठी पडायची, कारण तुमच्या लेखी तेव्हा गाणं थांबलेलं असायचं. तुम्ही हात पुढे करायचात आणि विचारायचात, "आता काय चालू हाय?" मी तुमच्या तळहातावर बोट फिरवायचे. तार वर गेली की बोट मनगटाकडून वर, खाली आली की खाली, थरथरली की थरथरतं. शेडमधले लोक म्हणायचे, बापलेक रोज हात बघून भविष्य सांगतात. जी गाणी फोरमनला आवडायची त्यांत गाणं कमी आणि वाजवणं जास्त असायचं, म्हणून तीच आपल्यालाही सोयीची. तेव्हाच मी माझा आवाज खाली आणला. छातीतून, जाड, फोरमनसारखा बोलायची सवय केली. पहिल्यांदा तशा आवाजात "बाबा, पाणी देऊ?" म्हटलं आणि तुम्ही झटकन वळलात. तुमचा तो चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही.

तुमच्या छातीच्या दुखण्याने पालघरच्या दवाखान्यात सगळं संपलं, तेव्हा ही गोष्ट फक्त माझ्याजवळ उरली. आई तुमच्या मागे जन्मभर तुम्हाला गर्विष्ठ समजत राहील, हे मला सहन होईना. तुमचं दिवसकार्य झाल्यावर मी तिला ओट्यावर बसवून सांगितलं. ती मासळी निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "मना ठाव होता." निवडलेली मासळी टोपलीत टाकत ती पुढे म्हणाली, "मंग मी भांडायची कशाला? गोडीनं बोलले तं ते खाली मान घालून जेवायचे. भांडले की तोंडाकडं बगायचे. तोंडाकडं बगितलं का त्यांना समदा कळायचा." मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, बाबा. एवढंच सांगायला मी पेन धरलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे काय मला कळत नाही? लिहून झालं की घडी करून साड्यांखाली ठेवीन. पण एक सांगते. परवा भाचीच्या लग्नात बायका मला गाण्यात ओढत होत्या, म्हणाल्या, तुझा आवाज असा पुरुषी कसा गं झाला, जरा वर घे की. मी म्हटलं, जात नाही. ते खोटं होतं. एकटी असताना मी घेऊन बघितला आहे, जातो. मीच नेत नाही. वर गेला की तुम्हाला ऐकू येणार नाही.