मालूआतेचा ऊन हात

प्रिय आते,

तू गेलीस त्याला माघात वर्ष झालं. पत्र लिहायचं तेव्हापासून मनात होतं, पण धीर होत नव्हता. परवा आपल्या शेजारच्या रुक्सानाच्या मुलीचं, मुस्कानचं, अपेंडिक्स काढलं. आज सकाळी पोरगी उठून बसली आणि पहिला प्रश्न काय, तर जेवायला कधी मिळणार. ही गोष्ट तुलाच सांगायला हवी. पण ती सांगायची तर माझी चूकही कबूल करावी लागेल, म्हणून इतके दिवस टाळलेलं पत्र आज लिहायला बसले आहे.

पावस गावाच्या पलीकडच्या आपल्या वाडीत पोट दुखलं की माणसं आधी आपल्या पडवीत यायची. सकाळी, अनशापोटी. तू त्यांना चटईवर उताणं निजवायचीस, तळहातांना खोबरेल लावून ते एकमेकांवर घासायचीस आणि हात ऊन झाल्यावरच पोटाला लावायचीस. पोराला घेऊन आलेली आई घाई करायला लागली की म्हणायचीस, "गार हात लावला तर पोट लपून बसता गो." मग बेंबीवर अंगठा दाबून ठोका बघायचा. ठोका बाजूला लागला की बेंबी सरकली. ती जागेवर आणायला पोटावर पेटती पणती आणि तिच्यावर उपडा तांब्या. आम्ही पोरं खांबाआडून बघायचो, तांब्या पोटाला घट्ट चिकटला की आम्हाला जादूच वाटायची.

मी अकरा वर्षांची असताना माझंच पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग खाली उजवीकडे. दोन दिवस मी फणसाचे गरे हाणले होते, त्यामुळे आईने पोट साफ करायला एरंडेल कोमट करून वाटीत आणलं. आपल्याकडे पोटदुखीला दुसरं औषध कुठे होतं? तू हात ऊन केलास, उजवीकडे हळूहळू दाबलंस आणि एकदम सोडलंस. मी किंचाळले.

"वयनी, ती वाटी खाली ठेव. हिच्या पोटात पाण्याचा थेंब पण नको."

"अहो, पण फणसाने..."

"फणस नाय हा. गाडी बघा कोणाची तरी."

एरंडेल पोटात गेलं असतं तर आतडं जोरात ढवळलं असतं आणि सुजलेलं अपेंडिक्स आतच फुटलं असतं, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं. बोटाएवढा तो अवयव, आणि त्याच्यापायी मी जाणार होते. मी आज आहे ती तुझ्यामुळे, आते. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

बरी झाल्यावर मी तुला विचारलं होतं, तुला कसं कळलं? तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दाबताना दुखला तर माजा, सोडताना दुखला तर डाक्टरचा." कुणी शिकवलं होतं तुला हे? पुढे कॉलेजात वाचलं तेव्हा कळलं, डॉक्टरसुद्धा पोटाच्या आतल्या अस्तराची सूज अशीच ओळखतात. तू तर चौथी पास.

आणि मी काय केलं? रत्नागिरीला बीएस्सीला गेले आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन तुला शहाणपण शिकवायला लागले. बेंबी सरकत बिरकत नाही. तिच्यामागे धडधडते ती हृदयाकडून येणारी मोठी धमनी. बारीक माणसात तिचा ठोका हाताला लागतो, इतकंच. तू शांतपणे ऐकून घेतलंस. म्हणालीस, "माज्या हाताखाली ती रोज धडधडता. तू खय पुस्तकात बघितलंस." 

पण लहान आतडं वीस फूट लांब असतं, हे ऐकल्यावर मात्र तू हातातलं काम टाकलंस. "वीस फूट? नि ऱ्हाता कुठं?" गोठ्यातून सुंभ आणलंस, हाताने मोजलंस, चांगलं तेरा हात भरलं. मग ते वेटोळं करून आपल्याच पोटावर ओटीसारखं धरून बसलीस आणि किती तरी वेळ बघत राहिलीस. "देवान काय बेतान भरलान हाय गो सगळा." आपल्याला माहीत नसलेली गोष्ट कळल्याचा इतका आनंद मी एकाही प्राध्यापकाच्या तोंडावर पाहिला नाही. ते सुंभ माझ्याकडे आहे. नववीच्या वर्गात पचनाचा धडा आला की मी तेच नेते, पोरांकडून मोजून घेते आणि तुझं नाव सांगते.

आता चुकीचं सांगते.

गेल्या वर्षी पौषात, तू जाण्याच्या थोडं आधी, तुझा फोन आला. मी सहामाहीचे राहिलेले पेपर तपासत होते, एक डोळा पेपरावर. तू म्हणालीस, "शैले, परसाकडला काळा होता. डांबरासारका चिकट. उठला की चक्कर पण येता." मला माहीत होतं की आरोग्य सेविकेने तुला रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या दिल्यात. लोहाने शौचाला काळं होतं, हेही माहीत होतं. मी फटकन म्हटलं, "गोळ्यांनी होतं तसं. घाबरू नको." तू तीन खुणा सांगितल्या होत्यास. मी त्यातली माझ्या पुस्तकात बसणारी एक धरली आणि चिकटपणा नि चक्कर सोडून दिली. तू म्हणालीस, "तू सांगतंस तर बरा."

आठवड्याने तू न्हाणीत पडलीस. डॉक्टरांनी विचारलं, गुडघ्यांसाठी काही घेत होत्या का? तुझ्या पानाच्या डब्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर, अनशापोटी, कित्येक महिने. त्या गोळ्यांनी जठराला व्रण पडला होता आणि तो आतल्या आत वाहत होता; तेच रक्त डांबरासारखं काळं होऊन पडत होतं, आणि त्यातच तू गेलीस.

फोनवर मी एवढंच विचारायला हवं होतं, "आते, आणखी काय घेतेस?" नाही विचारलं. पडवीत आलेल्या प्रत्येकाला तू हे विचारायचीस, काल काय खाल्लंस, कुणी काय पाजलं, कधीपासून. आणि तुझ्याही बाबतीत एक विचारू? बेंबीवरून जन्मभर माझं ऐकलं नाहीस, मग याच एका वेळी माझ्यावर का विश्वास ठेवलास? इतरांचं पोट बोटांनी वाचणारी तू, स्वतःच्या पोटासाठी मला फोन का केलास? मी तुझ्यावर रागावले होते बरेच दिवस. खरं तर स्वतःवर.

मी सुट्टीला घरी आले आहे. परवा सकाळी रुक्साना मुस्कानला कडेवर घेऊन पडवीत आली. दुसऱ्या हातात एरंडेलाची बाटली. तिचा नवरा मस्कतला, घरात सासू आणि ती. म्हणाली, "आते नाय तर तू तरी हात लाव." माझे हात बर्फासारखे गार पडले होते. मला आत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. पण खोबरेलाची तुझी बाटली अजून कोनाड्यात आहे. मी हात घासले, ऊन झाले तसे पोरीच्या उजव्या बाजूला हळू दाबलं आणि सोडलं. ती किंचाळली. पुढचं शब्द न् शब्द तुझंच बोलले मी, पाण्याच्या थेंबासकट.

आज दवाखान्यात रुक्सानाची सासू माझ्याशेजारी बाकावर बसली होती. गुडघे चोळत सहज म्हणाली, "उठता येत नाय गो बाय, गोळी घेतली तरच चालवता." मी विचारलं, "चाची, कुठली गोळी? कधी घेता?" तिने बटव्यातून पाकीट काढलं. तेच. कोऱ्या चहाबरोबर, अनशापोटी. मग मी सगळं विचारलं, रंग, चिकटपणा, चक्कर. ती हसायला लागली की शाळेतली बाई असलं काय विचारते. मी तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. अजून काही झालेलं नाही, वेळेवर आलात, असं ते म्हणाले. मी बाहेर येऊन त्या बाकावर रडले, आते. चाचीला वाटलं मला मुस्कानची काळजी.

तुला शब्द देते. बेंबी बसवणार नाही, तिच्यावर माझा अजून विश्वास नाही, हवं तर रुसून बस. पण पोटाचं गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे कुणीही आलं, तर आधी हात ऊन करीन. आणि फोनवरून कुणी विचारलं तर हातातला पेपर बाजूला ठेवीन, आणखी काय घेतेस म्हणून विचारीन आणि समोरचं माणूस थांबेपर्यंत ऐकत राहीन.

तुझ्या हातून वाचलेली भाची,
शैला