बिनसावलीचा उजेड

सोमवार

पोचले बाई एकदाची! कामाच्याच घरात माडीवर खोली मिळाली, खिडकीही मोठी आहे. आईला कळवलं तर म्हणाली, आधी मी येऊन बघेन, मग खूश होईन. पुढच्या रविवारी येणार आहे. खुसपटं काढण्यात मी तिच्यावरच गेलेय.

काम गमतीचं आहे. वैमानिक सराव करतात त्या सिम्युलेटरसाठी आम्ही विमानतळ बनवतो. विमानं आणि इमारती दुसरे कुणी करतात, आमच्या वाट्याला फक्त जमीन. तडे, तेलाचे डाग, टायरचे काळे ओरखडे. मालक काहीही संगणकावर रंगवू देत नाहीत. मागच्या अंगणात सिमेंटचा भलामोठा कोबा घातलाय. त्यावर खरं तेल सांडायचं, खरं टायर घासायचं आणि शिडीवर चढून वरून फोटो काढायचा. तोही आभाळ भरून आलं की मगच, कारण उन्हात सावल्या पडतात आणि फोटोत आलेली सावली मग जन्माची चिकटते. ढग दिसला की मालक शिडी घेऊन असे धावतात, की हसून हसून माझं पोट दुखलं.

सहकारी एकच. तो कोब्यावर पिवळे पट्टे मारतो, म्हणून त्याला पट्टेवाला म्हणतात. नखांत कायम पिवळा रंग. त्यापायी कुणी मुलगी देत नाही, असं स्वतःच सांगत सुटतो. मालकांचा म्हातारा कुत्रा दिवसभर कोब्यावर लोळत असतो.

बुधवार

नवं काम आलं. बचाव पथकाच्या सरावासाठी अपघातानंतरची धावपट्टी हवी आहे. पट्टेवाल्यानं रंग कालवून रक्त केलं होतं. मी म्हटलं, हा तर जॅम झाला! रक्त वाळलं की तपकिरी पडतं, कडेला पापुद्रा धरतं. त्यानं तिथल्या तिथे माझं नाव ‘भिंग’ ठेवलं. मालकांनी मात्र सगळं मन लावून ऐकलं. घरी ज्या खुसपटांना सगळे वैतागतात, त्यांचं इथे कौतुक होतंय. फार बरं वाटलं.

शुक्रवार

सकाळी आभाळ आलं होतं. नवा डाग पाहून मी टाळीच वाजवली. रंग, कडा, सगळं अस्सल. खाटकाकडून आणलं, मालक म्हणाले. एवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? म्हटलं, डाग लहान आहे, माणसाचा वाटत नाही. त्यांनी मान डोलावली.

कुत्रा दिसला नाही. गेला असेल भटकायला, म्हणे. त्याला तर धड उभंही राहवत नव्हतं.

मंगळवार

पट्टेवाला आला नाही. मालक म्हणाले, सासुरवाडीला गेलाय. थट्टा करतायत असं वाटून मी हसले.

मग त्यांनी काल मी बाजारात गेले असताना, ढग आल्यावर काढलेला फोटो दाखवला. मोठा डाग, त्यातून निघालेली लांब रेघ. सवयीनं माझी जीभ सुटलीच. म्हटलं, ही ओढत नेल्याची खूण आहे. माणूस जिवंत असेल, रांगत गेला असेल, तर तळव्यांचे ठसे उमटतील. पाय मोडला असेल तर एकाच बाजूला फरफट दिसेल. ते म्हणाले, अगदी बरोबर.

ते चहा टाकायला गेले तेव्हा मी फोटो मोठा करून पाहिला. डागात एक नख होतं. उपटलेलं. पिवळ्या रंगानं भरलेलं.

त्याच्या चपला अजून दारातच आहेत. मला भीती वाटतेय. सकाळी मालक अंघोळीला गेले की निघते.

बुधवार

फाटकाला कुलूप. मागून मालक आले, हातात चाक खोलायचा पाना. शांतपणे विचारलं, उजवा पाय बरा दिसेल की डावा. मग गुडघ्यावर मारत राहिले — हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकला, ओरडले नंतर.

पत्र्याच्या शेडमध्ये आहे. फोन त्यांच्याकडे. वही पोटाशी खोचलेली होती, तेवढी राहिली.

गुरुवार

पत्र्याच्या भोकातून कवडसा पडतो. तो आहे तोवर फोटो नाही. देवा, ऊन राहू दे.

पाणी द्यायला आले, आभाळाच्या नावानं चरफडत होते. मी म्हटलं, रांगणार नाही, पडून राहीन, फोटो वाया घालवीन. म्हणाले, बरं.

शनिवार

ऊन. पाय काळा पडलाय. तळहात त्यांनी पत्र्यानं चिरले, ठसे ओले उमटावेत म्हणून. पेन धरवत नाही —

आईचा फोन आला होता, म्हणे. उद्या येतेय. मी नीट रांगले तर तिला फाटकातूनच परत लावतील, मुलगी नोकरी सोडून गेली सांगून. नाहीतर तिला —

रांगेन म्हटलं. पाया पडले.

रविवार

तोंडात बोळा कोंबलाय. हात मोकळे ठेवलेत, ठशांसाठी.

कवडसा लख्ख आहे. ऊन मागितलं ते परत घे, देवा. ढग येऊ दे. ती यायच्या आत —

तळवे दाबून. एका बाजूला फरफट. खुसपट निघणार नाही —

फिकटला. शिडी ओढतायत. चल, आता —

नाही. पुन्हा ऊन.

फाटक वाजलं. आई. कुलूप निघताच थेट अंगणात घुसलीय. सांगतेय, कोबा नीट धुतलेला नाही, हा डाग कसला —

आई, परत जा, आई —

कवडसा गे