मीनखाई घारीची तीन पिसं

२ जून
पोहोचलो एकदाचे! जायसान सरोवराकाठची ही पक्षीनिरीक्षण चौकी म्हणजे दोन खोल्या, एक दुर्बीण आणि डासांचं राज्य, तरी मी जाम खूश आहे. समोरच्या वाळक्या पॉप्लरच्या झाडावर मीनखाई घारीचं घरटं, त्यात तीन पिलं. खाली लव्हाळ्यात पेलिकन, बगळे, सुरय. मी नोंदी ठेवायच्या, नवऱ्याने, म्हणजे एरसाइनने, होडी सांभाळायची आणि आमच्या सहा महिन्यांच्या बेक्झातने इथल्या रीतीप्रमाणे पाळण्यात पट्ट्यांनी बांधून घेऊन झोपायचं.

१४ जून
शेजारच्या कुलपाश आपांनी पाळणा तपासला. घुबडाच्या पिसांचा तुरा नाही म्हणून माझी खरडपट्टी काढली. "शिकलीस म्हणून पोराला नजर लागायची थांबते होय गं?" आता रोज हेच टोमणे.

५ जुलै
पिलांच्या पायात ओळखीच्या कड्या घातल्या. झाडावर मीच चढले. आपांचं तोंड बंद व्हावं म्हणून धाकट्या पिलाच्या पाठीची तीन पिसं उपटली. कोवळी होती, रक्त आलं. घुबडाची काय नि घारीची काय, पाळण्याला बांधून टाकली.

८ जुलै
धाकटं मेलं. चौकीच्या नोंदवहीत मी 'आजाराने' असं लिहिलं. लाज वाटते. आपांनी तुरा ओळखला. घुबडाचं गळालेलं पीस घेतात, म्हणाल्या, आणि तू आईदेखत तिचं लेकरू ओरबाडलंस; आता ती तुझं मागणार. मी चिडून तुरा चुलीत घातला. त्या म्हणाल्या, आता परत द्यायलाही काही उरलं नाही.

१७ जुलै
बेक्झातच्या पाठीवर तीन लाल ठिपके. अंगावर पीत नाही. मादी दिवसभर आमच्या छपरावर. पेलिकन, सुरय, सगळे निघून गेले. तिने शीळ घातली की हा मान वळवतो— हसतो.

२१ जुलै
उंबऱ्यावर जिवंत मासा. एरसाइनने बंदूक झाडली, मादी हललीही नाही. तिचा राग येतो, पण पिसं मी उपटली. आमच्या छोट्या होडीने सरोवर पार होत नाही; परवा रसदीची मोठी होडी येईल, तेव्हा निघायचं.

२३ जुलै, भर दुपार
पट्ट्या बांधलेल्याच. पाळणा रिकामा.
एरसाइन झाडावर चढतोय— अर्ध्यावर— मी दुर्बिणीला. हात सवयीने लिहितोय.
बेक्झात घरट्यात आहे. जिवंत आहे.
मादी समोरच्या फांदीवर, पंजात मासा. पिलांना उडायला लावताना अशीच लांब बसून बोलावते—
तो घरट्याच्या काठाकडे रांगतोय. त्याला अजून रांगता येत न—