एक जूनची माणसं

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.
तांब्याच्या तारेच्या एजंटानं दिलेली डायरी. दरवर्षी बायको, साळू, पानं फाडून डब्यात अंथरते. यंदा मी लिहिणार.
संकल्प एकच. राग सोडला. आजपासून, कायमचा.

सकाळी ९.
टाकी कुणी भरली नाही म्हणून ओरडलो. हा राग नव्हे. सूचना.

३ जानेवारी, शुक्रवार.
दुकानमालक तात्यासाहेब आले. म्हणे औरंगपुऱ्यातली ही इमारत फेब्रुवारीत पाडणार. मागं नवी बांधलीय, तिच्यात जुन्या भाडेकरूंना गाळे. चोवीस तारखेला अकरा वाजता वकिलाकडं सह्या. "जो येईल त्याचं नाव लागंल. जो नाय येणार त्याचं नाय लागणार. मग मागून तात्या-तात्या करायचं नाय."
बोलायची ही पद्धत? सत्तावीस वर्षांपूर्वी पैठणहून एका पान्यावर आलो, इथं 'बद्री-वहाब मोटार वाइंडिंग' उभं केलं. वहाब तार गुंडाळतो, मी गिऱ्हाईक गुंडाळतो. शेतकऱ्यानं मोटार टेम्पोतून उतरवून शाफ्ट नुसता फिरवला तरी मी पाठमोरा सांगतो, बेअरिंग गेलं. असा कान जिल्ह्यात दुसरा नाही. त्या कानाला तात्यासाहेबांच्या आवाजात खोट ऐकू आली.
वहाब मात्र "हौ साहब, आते दोनों" म्हणून मोकळा. मला न विचारता! चिडलो नाही. पाना जरा जोरात ठेवला, तो स्टूलवरून पडला आणि तात्यासाहेबांच्या पायापाशी गेला.

५ जानेवारी, रविवार.
एवढा मोठा बदल तोंड बघून करायचा नसतो. पुंडलिकनगरात द्वारकाबाई म्हणून आहेत, कॉम्प्युटरवर भविष्य काढून देतात. गेलो. जन्मतारीख विचारली. सांगितली, १ जून १९५०.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "खरी का शाळेची?"
डोकं सणकलं. म्हणालो, बाई, ज्या तारखेवर सरकार मला मत देऊ देतं ती तुमच्या ग्रहांना चालत नाय का? त्यांनी चष्मा वर सरकवला. बटण दाबलं. मिथुन रास. दोन पानं छापून निघाली, वर लिहिलेलं: परिवर्तनाचा महिना.
सार असं. मंगळवारी मौन पाळावे. वाणीमुळे हानी संभवते (हे कसं कळलं त्यांना?). स्वतःच्याच राशीच्या व्यक्तीपासून सावध राहावे, स्थानासंबंधी कागदावर त्यांच्यासोबत सही करू नये. महिनाअखेर स्थिती स्पष्ट होईल.
एकदम शास्त्रीय. आता कुणाची काय रास ते काढायचं.

७ जानेवारी, मंगळवार.
मौन. सकाळी साडेआठला सुरू केलं. साडेनऊला एक गिऱ्हाईक म्हणालं, समोरचा वाइंडिंगवाला कमी दिवसांत देतो. त्याला समोर पाठवण्यासाठी बोलावं लागलं. थोडं मोठ्यानं. मौन पुढच्या मंगळवारी पक्कं.

९ जानेवारी, गुरुवार.
भयंकर.
वकिलाला द्यायला वहाबनं पॅन कार्डाची झेरॉक्स काढून आणली होती. सहज नजर गेली. १ जून.
वहाब मिथुन!
मी म्हणालो, ही तुझी तारीख कधीपासून? तो हसायला लागला. "अरे बद्री, अपने पूरे क्लासकी येच है. गुरुजी अस्सी पोट्टोंकू एक दिन में दाखिल करे. हात दुख्या होइंगा." वर म्हणतो, "तेरेकू मालूम नै?"
मला मालूम आहे. पण गुरुजींच्या हातून त्या दिवशी एक जूनच का उतरली? दोन जून का नाही? ज्याच्या कपाळी जे असतं तेच मास्तरच्या टाकातून उतरतं. हे वहाबला कळायचं नाही. सत्तावीस वर्षं एका स्टूलवर बसलो आणि माणूस मिथुन निघाला.

११ जानेवारी, शनिवार.
तात्यासाहेबांच्या कागदांच्या गठ्ठ्यात डोकावलो. १ जून.
घरी येऊन साळूचं मतदार कार्ड बघितलं. १ जून.
म्हणालो, तू पण? साळू भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मंग? माझ्या बापानं काय दवाखान्यात जन्म दिला व्हता? शाळंत घातलं तवा जे लिव्हलं ते लिव्हलं."
चौकशी वाढवली. चहावाला, १ जून. समोरचा टायरवाला, १ जून. अर्धा औरंगपुरा मिथुन आहे आणि मी आजवर मोकळा फिरत होतो. द्वारकाबाईंचं भविष्य किती अचूक ते आता कळलं. सावध राहावं असं लिहिलंय आणि चारी बाजूंनी तीच माणसं!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
संक्रांत आणि मौन एकाच दिवशी. अवघड, पण निश्चय.
तात्यासाहेब तिळगूळ घेऊन दुकानात. "गोड बोला बद्रीशेठ. चोवीसला येताय ना?"
मौन. नुसतं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांना वाटलं त्यांनाच गप बसा म्हणतोय. लाल झाले. वहाब मधे पडून म्हणाला, "साहब, उसका उपास है बोलने का." तात्यासाहेब म्हणाले, "उपास आज धरला, मंग इतकी वर्षं काय खाल्लं?" अख्खं दुकान हसलं. वहाबही हसला. खाली मान घालून, पण हसला. मी ऐकलं.
तिळगूळ खाल्ला नाही. मिथुन हाताचा.

१६ जानेवारी, गुरुवार.
वहाबशी बोलणं कमी केलंय. लागेल तेवढंच. "तार." "वॉर्निश." "सरक."
तो विचारतो, कुछ हुआ क्या. मी म्हणतो, महिनाअखेर स्थिती स्पष्ट होईल.

१८ जानेवारी, शनिवार. दुपारी.
पकडलं!
वहाब दुकानाच्या मागं उभा राहून फोनवर शकीलाभाभीशी बोलत होता. मी भिंतीला टेकून, सहज. तो म्हणाला, "नै, अब्बी कुछ नक्को बोलो. गुस्से में है. चोबीस तक कैसा भी करको लेको जाता मैं उसकू."
उसकू म्हणजे कुणाला? दुकानाला! दुकान घेऊन जाणार. आणि बायकोला सांगतो, बद्रीला बोलू नको. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं कुणा माणसाबद्दल चाललंय. पण मी मोटारीतल्या माशीचा आवाज ओळखतो.
रागावलो नाही. गिऱ्हाइकाचा पंखा हातात होता, त्याचं एक पातं वाकलं. पातं मुळातच मऊ होतं.

२० जानेवारी, सोमवार.
डाव ठरला. चोवीसला जायचंच नाही. भागीदार दोन, सही एक, तर कागद होईलच कसा? मी नाही म्हटल्यावर इमारतही पाडता येणार नाही कदाचित. तात्यासाहेब घरी येतील. वहाब येईल. मी म्हणेन, बसा.
साळूला सांगितला. तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी त्या वहाबभाऊंचा बारा महिने डबा खाता. ईदला त्यांच्या घरी पहिली वाटी तुमची असती. आन् त्यांच्यावर हे?"
म्हणालो, तू मिथुन आहेस, तू बोलू नको.
त्यावर जेवायला वाढलं नाही. ताट ठेवलं, वाढलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार.
वहाबनं आज हात धरला. म्हणाला, उद्या साडेदहाला स्कूटर घेऊन येतो, कागदावर पहिलं नाव तुझं घालायला सांगितलंय. "बद्री, मेरे आँखां अब तार नै देखते. दो-चार साल तू सँभालना है ये सब. नाम तेरा पैला."
वा रे. डोळ्यात पाणीसुद्धा आणलं. पहिलं नाव देऊन गोड करायचं आणि मागून दुकान उचलायचं. हात सोडवून घेतला.
डोळ्यांचं खरं असेल, तशी वाइंडिंगमध्ये मागच्या महिन्यात दोनदा चूक झाली होती. पण तो विषय वेगळा.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ११.१५.
जिंकलो!
साडेदहाला गल्लीच्या तोंडाशीच त्याची स्कूटर ओळखली. सायलेन्सर फाटलाय, सांगून सांगून थकलो. फाटकाशी थांबली. हॉर्न दिला. मी मधल्या खोलीत, दार लावून. पुन्हा हॉर्न. साळू बाहेर गेली, काहीतरी बोलली, आत येऊन दाराशी म्हणाली, "वहाबभाऊ दहा मिनटं थांबतो म्हणत्यात." मी खोकलोसुद्धा नाही. तिसरा हॉर्न. मग स्कूटर चालू झाली आणि गेली.
चला. एकट्याच्या सहीनं काय होतंय.

२५ जानेवारी, शनिवार.
एकट्याच्या सहीनं होतं.
वकिलानं कागदावरचा भागीदार शब्द खोडला आणि गाळा एकट्या वहाबच्या नावावर केला. तात्यासाहेबांनीच करायला लावलं. टायरवाल्यानं सांगितलं, सगळा औरंगपुरा सांगतोय. मी दुकानात गेलो आणि जे बोललो ते इथं लिहीत नाही. गद्दार हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता.
वहाब आजवर कधी चढ्या आवाजात बोलला नाही. आज बोलला. "दस मिनट खडा था मैं तेरे दरवज्जे पे! भाभी बोली घर में है! मैं सही नै करता तो परसों वो गाला दुसरेकू जाता था, तू भी रस्ते पे, मैं भी. तेरेकू क्या हुआ था, बोल ना. बोल!"
ग्रहांचं मुसलमानाला सांगून पटतं का? हिंदूलाही नाही पटलं, घरच्याच.

२६ जानेवारी, रविवार.
साळूनं पैठणला भागूआत्याला फोन लावला आणि माझ्या कानाला चिकटवला. आत्या नव्वदीची, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "जूनमधी कुठला रे तू! पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढल्या हुरड्याला झाला. तुझी आय आगटीपासून उठली ती थेट बाजंवर. थंडी इतकी, तुला गोधडीत दोनदा गुंडाळला."
हुरडा म्हणजे जानेवारी. म्हणजे हाच महिना.
आत्यावर ओरडलो. पासष्ट वर्षं का नाही सांगितलं? म्हणाली, "कुणी इचारलं?"

२८ जानेवारी, मंगळवार.
मौन मोडून द्वारकाबाईंकडं. नवीन तारीख नाही, फक्त हुरडा आहे, म्हणालो. त्यांनी बटण दाबलं. मकर धरा, म्हणाल्या. पान निघालं. जुन्या सोबत्याचा सल्ला मानावा. कागदपत्रांवरील सही चोवीसपर्यंत करावी, विलंब झाल्यास स्थान गमवावे लागेल.
म्हणालो, हे आधी का नाही दिलं? बाई म्हणाल्या, "मी विचारलं होतं, शाळेची का म्हणून."
काय चिडलो! दार आपटणार होतो, पण त्यांचं सरकतं होतं.

३० जानेवारी, गुरुवार.
जुन्या दुकानातलं सामान नेलं. वहाबनं माझा पाना, माझा चष्मा, माझं स्टूल वेगळं बांधून ठेवलं होतं. घरी पाठवू का विचारलं. मी म्हणालो, तुला काय करायचंय ते कर. त्यानं नव्या गाळ्यात नेलं.

३१ जानेवारी, शुक्रवार.
महिनाअखेर. गेलो.
नवा गाळा चांगला आहे. उजेड आहे. वहाब खिडकीपाशी, वॉर्निशचा वास, सगळं तसंच. स्टूल कोपऱ्यात मांडून ठेवलेलं. बसलो. आता त्यानं मला काहीतरी बोलावं, मग मी त्याला माफ करीन, असं ठरवून बसलो होतो. अकरापर्यंत ठरलेलंच होतं.
कन्नड तालुक्यातला एक माणूस मोटार घेऊन आला. नवा होता, ओळखीचा नव्हता. मालकाशी बोलायचंय म्हणाला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहाब म्हणाला, "बोलो भाई, मैं हूँ."
त्या माणसानं माझ्याकडं बघून विचारलं, आणि हे कोण?
वहाबनं हातातली तार खाली ठेवली. नंतर म्हणाला, "घरके हैं."
उठलो, चहा सांगायला गेलो. तीन सांगितले. नवा चहावाला, गाळे त्याला माहीत नाहीत. म्हणाला, कुठं आणायचे?
म्हणालो, वहाबच्या दुकानात.