रंग न दिलेली होडी

आबा, हे पत्र लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. पहिल्या वर्षी रत्नागिरीला ट्रॉलरवर होतो, तिथं कागद ओला होतो असं स्वतःला सांगितलं. मग पुण्यात हॉटेलात, मग ट्रकवर, मग नागपूरच्या बाजूला संत्र्याच्या पॅकिंगला. तिथं सगळीकडं कागद कोरडेच होते. आज लिहितोय, कारण करण्यासारखं दुसरं काही नाही. आपल्याच घाटावर बसलोय. शेजारी वाळूवर माझी होडी पालथी पडली आहे आणि मी ऊन डोक्यावर यायची वाट बघतोय. ही वाट कशासाठी, ते तुम्हाला सांगायला नको.

होय, होडी घेतली. मी, ज्याला तुम्ही "ह्येच्या पायाला भवरा हाय" म्हणायचात. सांगलीच्या वरच्या अंगाला बंधाऱ्याचा फुगवटा आहे ना, तिथल्या सोसायटीनं मासेमारीची एक पाळी मला दिली आहे. अट एकच. सोमवारी सकाळी होडी पाण्यात पाहिजे, नाहीतर पाळी पुढच्या माणसाला. आज शनिवार. सेक्रेटरी म्हणाले, "तू टिकणार न्हाईस हे मला म्हाईत हाय, पण तुझ्या आबांकडं बघून एक डाव देतो." म्हणजे पाळीसुद्धा तुमचीच, मी फक्त बसणार आहे. माझ्याजवळ पंचेचाळीस हजार होते. एवढे पैसे माझ्याकडं एका जागी पहिल्यांदाच साठले होते आणि एवढ्यात सगळं बसवायचं होतं, होडी, टेम्पो, वेल्डिंग, जाळं. हे फसलं तर मी पुन्हा कुठल्यातरी ट्रकवर चढणार हे मला ठाऊक आहे. आणि या वेळी चढलो तर उतरायचं राहून जाईल असं वाटतं.

तीन आठवडे होड्या बघत फिरलो. फिरणं जमतंच मला. तुमचं वाक्य बरोबर होतं, "होडी पाण्यात बघू नगंस. पाण्यात समद्या होड्या चांगल्या दिसत्यात, लग्नात समदी माणसं दिसत्यात तशी." सांगलीत फायबरची नवी बघितली. पांढरीशुभ्र, हलकी, दोन माणसांनी उचलावी अशी. तुम्ही नारळ वाजवून बघायचात तशी बोटाच्या पेरांनी वाजवून बघितली, कुठंच पोकळ आवाज नाही. मालक म्हणाला, "पाहुणं, होडी बघताय का तबला?" पण तिच्यात सगळे पैसे संपले असते आणि जाळ्याला दमडी उरली नसती. नुसत्या होडीनं मासे येत नाहीत. वाटेत एका गुऱ्हाळवाल्यानं मला जुनी काहील दाखवली, गूळ करायची. म्हणाला, "पुरात आमी ह्यातनंच पल्याड जातो, काय हुतंय?" मी आत बसूनही बघितलं. तिला पुढचं टोक नाही अन् मागचं नाही, एक वल्हं मारलं की ती जागेवर गरगरते. मला वाटलं, ही माझीच बहीण. आणखी एक चहा पिऊन निघालो. ते गुऱ्हाळवाले फार प्रेमळ होते, त्यांच्याकडं दोन दिवस उगाच राहिलो, ते सोडा.

मग मलकापुरात ती दिसली. पत्र्याची होडी, पंधरा फुटांची, बुडाला रुंद, बरोबर माझ्या पैशात बसणारी. आणि वरून खालपर्यंत निळाभोर ताजा ऑइल पेंट. मध्यस्थ म्हणाला, "एकदम कंडिशनमधी हाय, आजच पाण्यात टाका." मी हात फिरवला. रंग बोटांना किंचित चिकटला आणि मी, आबा, तिथंच उभा राहून वीस वर्षांचा झालो.

तेव्हा मी तुमच्याकडं येऊन तीन-चार महिनेच झाले होते. सैन्यभरतीत धावण्यात पास आणि लेखीत नापास होऊन घरी जायला तोंड नव्हतं. तीन चुलते पलटणीत असलेल्या उसाच्या घरातला मुलगा भोयाच्या होडीत बसतो म्हणून गावात हसू झालं होतं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "पवता येतं का?" मी म्हणालो, येतं. त्या उन्हाळ्यात तुम्ही औदुंबर गावाच्या बाजूहून जुनी पत्र्याची होडी आणलीत. ती पालथी घालून ठेवलीत आणि उद्या बारा वाजता बघू म्हणालात. तुमची पद्धत मला तोवर माहीत नव्हती. मला वाटलं, आबांना काहीतरी देऊ. तुम्ही दिलेल्या पहिल्या पगारातून निळा रंग आणला आणि तुम्ही बाजाराला गेला होतात तेवढ्यात सगळ्या बुडाला रंगाचे दोन जाड हात मारून टाकले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मावशी, तुमच्या कारभारीण, पदर खोचून पालथ्या होडीखाली शिरल्या. तुमचे डोळे तेव्हाच अधू झाले होते, म्हणून आत नेहमी त्याच जायच्या. आत अंधार असतो, आणि पत्र्याला जिथं भोक तिथं उन्हाचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावर आतून बोटानं टकटक करायचं आणि बाहेर तुम्ही पानाच्या डबीतला चुना त्या जागेवर लावायचा. मग वेल्डिंगवाला बरोबर त्याच खुणांवर टाका मारायचा. त्या दिवशी मावशी आतून म्हणाल्या, "आवं, एक बी चांदणी न्हाई की." मी छाती काढून उभा. तुम्ही चुन्याची डबी मिटलीत, पत्र्यावर हात फिरवलात आणि फक्त "हं" म्हणालात. मला वाटलं, खूश झाले.

तुम्ही मला तेव्हाच का बोलला नाहीत याचा मी पुष्कळ विचार केला. मला घेऊन तुम्ही होडी पाण्यात घातलीत, पण काठ सोडला नाहीत, कमरेएवढ्या पाण्यातूनच वल्हवत राहिलात. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, मला तर वाटत होतं आपण मधोमध आहोत. वेलीच्या बेटाजवळ तळाला दगड घासला, रंगाची पापडी सुटली आणि सात-आठ ठिकाणांहून पाण्याच्या बारीक काड्या वर उभ्या राहिल्या. मी ओरडलो. तुम्ही आधी पाणी उपसायला घेतलं नाहीत. आधी माझ्या पायाशी बांधलेला तेलाचा रिकामा कॅन माझ्या मांडीवर ठेवलात, "हे धर, सोडू नगं" म्हणालात आणि मग निवांत डब्यानं पाणी उपसत होडी काठाला लावलीत. काठावर मला म्हणालात, "पोरा, भोकाला रंग दिला म्हंजी भोक जात न्हाई. दिसायचं तेवढं बंद हुतंय." तेवढंच. मावशींनी मात्र मला दोन दिवस नावानं हाक मारली नाही, "रंगारी, जेवायला ये" म्हणायच्या. पुढचे तीन दिवस तुम्ही आणि मी शेजारी बसून तो रंग खरवडून काढला. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की माझ्यामुळं काम वाढलं. उलट चौथ्या दिवशी मावशींना सांगत होतात, "ह्येनं आपल्या पैशानं रंग आणला व्हता, ध्येनात ठेव." ते मी दाराआडून ऐकलं होतं.

तर मलकापूरची निळी होडी मी सोडली. मध्यस्थ म्हणाला, "रंगाला नावं ठेवणारं गिऱ्हाईक पैल्यांदा बघितलं." शेवटी फलटणच्या बाजूला एका तलावावर ही मिळाली. एका बाईंची होती, नवरा मासेमारी सोडून लेकाकडं गेलेला. गंजून विटकरी झालेली, कुणी रंगाचा हात न लावलेली. बाई म्हणाल्या, "भोकं हायत तिला, आधीच सांगते. मागनं बोलायचं न्हाई." मी म्हणालो, "भोकं दिसत्यात म्हणूनच घेतोय." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुनाकडं शिकलास रं हे?" मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांची मालकीन हितंच असती की, लेकीकडं. भेटलास का?" मी टेम्पोवाल्याला घाई केली.

भेटलो नाही, आबा. कोणत्या तोंडानं भेटणार? तुम्ही गेलात तेव्हा मावशींनी मला रत्नागिरीला फोन केला होता. मी सुट्टी मिळत नाही म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सुट्टी मी मागितलीच नव्हती. तुम्हाला तसं बघायचं धाडस नव्हतं, आणि मग न येणं जसं जुनं होत गेलं तसं येणं अवघड होत गेलं. मीच त्याच्यावर रंग देत बसलो.

आता खरी पंचाईत सांगतो. सकाळी मी एकटाच होडीखाली शिरून बघितलं. तिरप्या उन्हातही अकरा चांदण्या मोजल्या. मग बाहेर येऊन शोधायला गेलो तर गंजलेल्या पत्र्यावर एकही सापडेना. आतून खराट्याची काडी खुपसली, ती मोठ्या दोन भोकांतून निघाली, बारक्यांतून नाही, आणि बुडवणारी तर बारकीच असतात. मोबाईलचा टॉर्च आत लावून ठेवला, तर बाहेर एवढं ऊन की काय दिसणार. वेल्डिंगवाले चाचा चार वाजता मशीन घेऊन येणार आहेत, उद्या त्यांच्या घरी लग्न आहे. त्यांनी बजावलंय, "बेटा, खुणा करून ठेव. खूण नसंल तर मी काय आख्ख्या होडीला इलाज करू?" इतकी वर्षं मला वाटत होतं की होडी पारखणं हे तुमचं कसब. ते होतंच. पण त्याला आतून एक माणूस लागतो आणि बाहेरून एक, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, कारण तुम्हाला ते सांगायची गरजच पडली नव्हती.

घाटावरच्या दोघांना विचारलं. एक म्हणाला पाठ दुखते, दुसरा म्हणाला होडीखाली विंचू असतात. ऊन जवळजवळ डोक्यावर आलंय. तोवर एक गोष्ट लिहून टाकतो, कारण हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे.

तो कॅन. होडीत पाणी उपसायचा डबा वेगळा होता, तोंड कापलेला. माझ्या पायाशी बांधलेल्या कॅनला कायम झाकण घट्ट लावलेलं असायचं. मी एकदा विचारलंही होतं, "आबा, ह्यात काय ठेवायचं?" तुम्ही म्हणालात, "हवा." मी हसलो होतो. परवा सामानाची यादी करताना हात आपोआप रिकामा कॅन लिहून गेला, आणि कशासाठी ते आठवायला बसलो तेव्हा इतक्या वर्षांनी डोक्यात उजेड पडला. तो पहिल्या दिवसापासून तिथं होता. म्हणजे पहिल्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. मला पोहता येत नव्हतं, आबा. तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत, काठाकाठानं फिरवलंत आणि पायाशी हवा बांधून ठेवलीत. मला अजूनही येत नाही. ट्रॉलरवर दोन वर्षं काढली तरी नाही. सेक्रेटरींनी पोहण्याचं विचारलं तेव्हा पुन्हा "येतं" असंच सांगितलं. सोमवारी पाण्यात जायच्या आधी त्यांना खरं सांगीन. बहुतेक सांगीन.

थांबा, वर रिक्षा थांबली आहे. पायऱ्यांवरून कुणीतरी म्हातारी हळूहळू उतरते आहे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं कठडा धरून. मला वाटलं धुण्याला आली असेल.

मावशी आहेत. त्या फलटणच्या बाईंनी सांगितलं असणार. जवळ आल्या, माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. होडीच्या बुडावरून तळवा फिरवला, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. "रंग दिला न्हाईस ह्या खेपंला," म्हणाल्या. पिशवीतून एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. तुमची, चुन्याची. मी काही बोलणार तोवर चप्पल काढली, पदर खोचला आणि या वयात, आबा, वाकून होडीखाली शिरल्यासुद्धा.

आतून टकटक येतंय. विचारतायत, "हायस का रं तितं, का गेलास?"

कागद ठेवतो. मला बाहेर उभं राहायचं आहे.