देवळ्याहून गेलेली एकसष्ट कार्डं

नाशिकरोड,
१६ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप कुसाआत्यास ज्ञानेशचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल, कांद्याची रोपं तरारली असतील आणि तुझ्या शेजारच्या झुंबरकाकांचा माझ्यावरचा राग थोडा उतरला असेल, अशी आशा करतो. (पहिल्या दोन गोष्टींची खात्री वाटते.) आम्ही बरे आहोत. मी सोडून.

मागच्या महिन्यात तुझ्या दारात कॅमेरा घेऊन माणसं आली, त्याला मीच कारणीभूत आहे. झालं असं, की दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ‘टाकी भरली का?’ नावाची मालिका लागायची. एका इमारतीतली माणसं पाण्यावरून भांडतात, एवढीच गोष्ट. पण मी हसून खुर्चीवरून घसरायचो. अडचण अशी, की ती दुसरं कोणी बघतच नव्हतं. (आमच्या एकलहऱ्याच्या प्लँटमध्ये मी शिफ्टमधल्या सगळ्यांना विचारलं. एकाने बघितली होती, तीसुद्धा रिमोट सापडत नव्हता म्हणून.) मग वाहिनीने जाहीर केलं, की प्रेक्षकांची पत्रं आली नाहीत तर मालिका बंद. मी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. स्वतःच्या नावाने किती लिहिणार? म्हणून हर्षालीताईच्या लग्नाच्या निमंत्रणांची यादी काढली आणि देवळ्याच्या पानावरच्या एकसष्ट जणांच्या नावाने एकसष्ट कार्डं लिहिली. निम्मी डाव्या हाताने. मग रजा टाकून एसटीने देवळ्याला आलो, तिथल्याच पेटीत टाकली आणि तुला न भेटता परत गेलो.

यादी चार वर्षांपूर्वीची होती. त्यात पहिलं नाव नाथाआतोबांचं. आतोबा आता नाहीत हे मला ठाऊक होतं, आत्या. खांदा दिलाय मी. तरी हात थांबला नाही. उलट तेच कार्ड सगळ्यात छान जमलं: हसताना मी पोट धरून बसतो, मग उचकी लागते, मग मंडळी पाठीत धपका घालतात. वाहिनीला ते इतकं आवडलं, की ‘आमचा सच्चा प्रेक्षक’ दाखवायला माणसं थेट देवळ्याला आली.

पुढचं मला झुंबरकाकांनी फोनवर सांगितलं. तू त्यांना चहा दिलास. त्यांच्यातल्या एका मुलीने कार्ड वाचून दाखवलं. तू म्हणालीस, “हसणं त्यांचंच हाय. पर ते जाऊन वरीस झालं. आन् आमच्याकडं बेस्तरवारी सांजचं लाइटच नसतं, बाई.”

दर गुरुवारी सहा ते नऊ भारनियमन. अख्ख्या देवळ्यात. वीज बनवण्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही, आत्या. मालिका बंद झाली. ‘देवळेकरांना कधीतरी ती पाहायला मिळो’ असं वाहिनीचं पत्र आलं, तेही आतोबांच्या नावे, माझ्या पत्त्यावर. (त्यांच्या कार्डावर देवळ्याच्या पत्त्याखाली सवयीने माझाही पत्ता पडला होता.)

आतोबांच्या नावाचं ते कार्ड तू मागून घेतलंस आणि त्यांच्या फोटोमागे खोचून ठेवलंस, असंही काका म्हणाले. तेव्हापासून मला जेवण जात नाही. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझा लाजलेला,
ज्ञानेश

ता. क. एवढा वेडेपणा का केला, ते वर लिहायचं धाडस झालं नाही. मखमलाबादचा मळा सोडून मी नोकरी धरली, घर इकडे आणलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. दोन वर्षं झाली. पण गुरुवारी साडेसातला ते बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे आणि आम्ही दोघं एकाच वेळी हसायचो. बोलायचो नाही, नुसतं हसायचो. आता ती वेळ झाली की ते उठून आत जातात. तुझ्यासमोर ते हसतात. पुढच्या गुरुवारी येशील का?

ता. क. २. पत्र टेबलावर उघडंच राहिलं आणि बाबांनी ते वाचलं. मला म्हणाले, “गुरुवारपर्यंत कशाला थांबायचं? तिला बुधवारीच ये म्हणावं.”